चिप लहान झाली, पुढे काय?

‘चिपवरची प्रयोगशाळा’ हा शब्द आपण ऐकलेला असतो. ती रुग्णापर्यंत पोचायला इतका वेळ का लागला, हे आज क्षयरोगाच्या उदाहरणावरून पाहू.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. पुढची शंभरहून अधिक वर्षं नेहमीची तपासणी एकच राहिली. थुंकी काचेवर पसरायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. यात जवळपास निम्मे रुग्ण निसटतात. जंतू वाढवून बघायचे तर कित्येक आठवडे जातात. तोवर रुग्ण गावी परततो आणि घरात खोकत राहतो.

दरम्यान १९७९ मध्ये स्टॅनफर्डला सिलिकॉनच्या चकतीवर वायूंचं पृथक्करण करणारं उपकरण तयार झालं. १९९० साली आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधून कल्पना मांडली, की नमुना घेण्यापासून मोजणीपर्यंत सगळं एकाच छोट्या उपकरणात व्हावं. केसाएवढ्या नळ्यांना थेंबाचा अंश पुरतो आणि तो झटकन तापतो, झटकन निवतो. डीएनएच्या प्रती काढायला नेमकं हेच हवं असतं.

मग अडलं कुठे? बघा, चिप तळहातावर मावली, पण तिचे पंप आणि मोजणीची यंत्रं टेबलभर पसरलेली. शिवाय थुंकी चिकट. ती तशीच बारीक नळीत घातली, तर नळी तुंबणारच.

जीनएक्सपर्टनं हे काम बंद कार्ट्रिजमध्ये नेलं. दोन तासांच्या आत क्षय आणि रिफॅम्पिसिनला होणारा विरोध, दोन्ही कळू लागलं. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. पण त्याला भरवशाची वीज लागते आणि खोली ३० अंशांच्या आत. आता मे महिन्यातलं आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणा!

या अडचणीवरचं एक उत्तर आपल्या शेजारून आलं. बंगळूरच्या बिगटेकनं विकसित केलेलं, गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं. एक यंत्र थुंकीतून डीएनए काढतं. त्यातले सहा मायक्रोलिटर तंत्रज्ञ चिपवर सोडतो आणि दुसरं यंत्र ते तपासतं. २०२० मध्ये त्यालाही जागतिक शिफारस मिळाली. हाताचं काम थोडं उरलं, पण वातानुकूलित खोलीची अट गेली.

म्हणून या इतिहासात नळी किती बारीक झाली, एवढंच मोजू नका. अहवाल दोन तासांत आला आणि औषध आठ दिवसांनी मिळालं, तर रुग्णाच्या लेखी त्या तपासणीला आठ दिवसच लागले.