सांग्रियाचा घडा



मजूर संघटनेच्या कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत सांग्रिया या स्पॅनिश पेयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. हे गृहस्थ एरवी बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलतात, आज मेजवानीकडे कसे वळले, असेही कोणाच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. राजांच्या वंशावळी आमच्या ध्यानात राहिल्या नाहीत. पण ताटात किंवा पेल्यात जे येते ते कोणाच्या हातून आले, हे विचारण्याची खोड मात्र लागली. सांग्रियाच्या बाबतीत ही खोड फार दूरवर घेऊन जाते, आणि वाटेत एकदा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आणून सोडते.

प्रथम वस्तू काय ते पाहू. तांबडी वाइन, तीत संत्र्या-लिंबाच्या चकत्या, एखादे मोसमी फळ, साखर, कधी दालचिनी, आणि वर पाणी किंवा सोडा. झाली सांग्रिया. स्पॅनिश भाषेत 'सांग्रे' म्हणजे रक्त, आणि वैद्य रोग्याचे रक्त काढीत त्या क्रियेलाही 'सांग्रिया' असेच म्हणतात. पेयाचे नाव त्याच्या रंगावरून पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

हे पेय कोणा एका बल्लवाचार्याने शोधून काढलेले नाही. दक्षिण स्पेन उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. गरिबाच्या घरची वाइन साधी. तिचा तुरटपणा फळाने व साखरेने झाकायचा आणि पाणी घालून ती चार माणसांना पुरवायची, असा हा हिशेब. आपल्याकडे पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढते, त्यातलाच प्रकार. प्रांतोप्रांती त्याची भावंडे आहेत. रिओहा प्रांतात फळे, साखर व दालचिनी घालून वाइन काही दिवस मुरवतात, तिला 'सुर्राकापोते' म्हणतात. जत्रेच्या दिवसांत तिथली मंडळे ती येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतात. ला मांचा प्रांतातल्या अशाच पेयाला 'सुर्रा' म्हणतात.

आता ज्या मळ्यांतून ही द्राक्षे येत, तिकडे वळू. अंदालुसियामध्ये जमीन मूठभर मालकांची आणि मजूर रोजंदारीवरचे, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या होती. त्या प्रांतातील हेरेस शहराची शेरी जगभर नावाजलेली. त्याच हेरेसमध्ये ८ जानेवारी १८९२ च्या रात्री शेकडो शेतमजूर हातांत विळे-काठ्या घेऊन शिरले. तुरुंगात पडलेल्या साथीदारांना सोडवणे हा त्यांचा एक हेतू होता. उठाव सकाळपर्यंत मोडून निघाला आणि पुढच्या महिन्यात चौघांना देहदंड झाला. ब्लास्को इबान्येस या कादंबरीकाराने १९०५ साली हेरेसच्या मळ्यांवर 'ला बोदेगा' ही कादंबरी लिहिली. जिथे जगातील उंची पेय तयार होते, तिथे ते करणाऱ्याची भाकर अपुरी असते, हा नियम आम्हांला अनेक धंद्यांत दिसला आहे.

याहून वाईट एक चाल होती. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात द्राक्षमळ्यांवरील मजुरांना मजुरीचा काही भाग दिवसातून अनेकदा वाइनच्या पेल्यांनी दिला जाई. तिला 'डॉप' पद्धत म्हणत. ती कायद्याने बंद झाल्यावरही अनेक वर्षे रेंगाळली, आणि तिने कुटुंबेच्या कुटुंबे व्यसनात बुडवली. इंग्लंडमध्ये १८३१ च्या कायद्याने कारागिरांची मजुरी मालाच्या रूपात देण्यास बंदी केली, आणि १८८३ मध्ये गुत्त्यात बसून मजुरी वाटण्यासही मनाई झाली. आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांत द्यावी असे ठरवले. ही कलमे रुक्ष वाटतात खरी. पण मजुरीच्या जागी आलेला पेला आणि मजुरी हातात पडल्यावर आपल्या खुशीने भरलेला पेला, यांत बेडी आणि कंकण यांच्याइतके अंतर आहे. सांग्रियाचा सारा इतिहास या दोन पेल्यांच्या मधोमध चालतो.

आता लंडनकडे जाऊ. १७३६ साली तिथल्या एका मासिकात अशी बातमी आली, की स्ट्रँड रस्त्यावरील गॉर्डन नावाच्या पंच विकणाऱ्याने माडीरा बेटाच्या कडक वाइनचे नवे पंच तयार केले असून त्याला 'सांग्रे' असे नाव दिले आहे. पुढे 'सांगरी' या नावाने वाइन, पाणी, साखर, लिंबू आणि जायफळ यांचे पेय वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांत रूढ झाले. साखर तिथलीच, आणि ती पिकवणारे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ साली झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. त्या पेल्यातली गोडी तोपर्यंत कोणाच्या पाठीवरच्या वळांतून आली होती, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु गॉर्डन विकीत होता ते पंच मुळात कुठले? इथे आपला किनारा येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने १६३२ साली हिंदुस्थानातून लिहिलेल्या पत्रात पंचाचा उल्लेख आहे. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर १६७३ च्या सुमारास या किनाऱ्यावर होता. त्याने लिहून ठेवले आहे, की गोव्याकडील नेरूळची अरक सर्वांत चांगली, तिच्यापासून इंग्रज लोक पंच करतात, आणि हिंदुस्थानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिनसा पडतात. या व्युत्पत्तीवर काही कोशकारांनी शंका घेतली आहे. तरी गोव्याची माडाची अरक या पेयाच्या मुळाशी होती, ही गोष्ट उरतेच. १६९४ साली मुंबई सरकारने हुकूम काढला, की खाणावळीत पंच प्यावयास आलेल्या गिऱ्हाइकाला एक क्वार्ट गोव्याची चांगली अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचे पाणी मागून घेऊन आपले पंच आपण करता येईल. माप डोळ्यांदेखत आणि मिश्रण स्वतःच्या हाताने! घरी पेय करण्यातले मर्म त्या हुकुमात आले आहे. माडावर चढून माडी काढणारा माणूस मात्र त्या हुकुमात कोठे नाही.

विसाव्या शतकात सांग्रिया जगभर गेली ती प्रवाशांच्या मागून. स्पेनमध्ये तेव्हा जनरल फ्रँकोची हुकूमशाही होती आणि संप हा गुन्हा होता. तरीही १९६२ च्या वसंतात अस्तुरियासच्या खाणकामगारांनी मोठा संप केला. दोनच वर्षांनी, एप्रिल १९६४ मध्ये, न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन उघडले. तिथल्या स्पेनच्या दालनात सांग्रिया वाढली गेली आणि अमेरिकेत तिचे नाव झाले. स्पेनला येणारे परदेशी प्रवासी १९६० साली सुमारे साठ लाख होते, ते १९७० साली सुमारे दोन कोटी चाळीस लाख झाले. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून त्यांच्यापुढे सांग्रियाचे घडे आले. त्याच दशकात लाखो स्पॅनिश मजूर जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडच्या कारखान्यांत व मळ्यांत पोट भरण्यास गेले. उत्तरेचा माणूस सांग्रियासाठी दक्षिणेला आणि दक्षिणेचा माणूस भाकरीसाठी उत्तरेला, अशी ती उलटसुलट वाहतूक होती. फ्रँको १९७५ मध्ये वारला आणि १९७७ मध्ये स्वतंत्र कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली.

२०१४ साली युरोपीय संघाने नियम केला, की बाटलीवर नुसते 'सांग्रिया' हे नाव स्पेन व पोर्तुगाल येथे तयार झालेल्या मालालाच लावता येईल, मद्यार्क ४.५ टक्क्यांहून कमी नसावा आणि १२ टक्क्यांच्या आत असावा. कारखान्यातल्या बाटलीचे नाव असे बांधले गेले. घरच्या घड्याला अर्थातच हे बंधन नाही.

तेव्हा तो घडा घरी कसा भरावा, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आमचे भाषण कोरडेच राहील. ७५० मिलिलिटर साधी, कोवळी तांबडी वाइन घ्यावी. लाकडी पिंपात मुरलेली महाग वाइन नको. तिचा तुरटपणा आणि फळांच्या सालीचा कडवटपणा एकत्र आले म्हणजे पैसेही जातात आणि चवही. दोन संत्री, अर्धे लिंबू, एक सफरचंद किंवा पीच चिरावे. सालीखालचा पांढरा भाग शक्य तितका काढावा. साखर गरम पाण्यात विरघळवून, निववून घालावी, म्हणजे ती तळाशी बसत नाही. पाव लिटर संत्र्याचा रस घालून चार तास थंड जागी मुरू द्यावे. अर्धा लिटर सोडा आणि बर्फ आयत्या वेळी. वाइनमध्ये १३ टक्के मद्यार्क धरला तर दीड लिटर मिश्रणात तो साडेसहा टक्के होतो. वाइनच्या पाच पेल्यांचे दहा पेले झाले आणि डोकेही ठिकाणावर राहिले. वर ब्रँडी ओतण्याची चाल आहे खरी, पण मग हा हिशेब बिघडतो. एक ध्यानात ठेवावे: मुरलेल्या फोडी मद्य शोषून घेतात, म्हणून त्या मुलांच्या हाती पडू देऊ नयेत.

ऋतूप्रमाणे फळ बदलावे. स्पेनमध्ये उन्हाळ्यात पीच, हिवाळ्यात संत्रे व दालचिनी. चिली देशात उन्हाळ्यात कलिंगडासारखे कोरलेले खरबूज पांढऱ्या वाइनने भरतात, आणि थंडीत तांबडी वाइन संत्र्याच्या चकत्यांसह गरम करून पितात. अर्जेंटिना-पाराग्वेकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, म्हणून तिथे पांढऱ्या वाइनमध्ये फळे घालून 'क्लेरिको' करतात. आपल्याकडे नाशिकची वाइन आहे. हिवाळ्यात नागपुरी संत्री व पेरू, उन्हाळ्यात खरबूज, पावसाळ्यात आलुबुखार आणि नासपती. ज्यांना मद्य वर्ज्य आहे, त्यांनी काळ्या द्राक्षांच्या रसात कोकमाचे आगळ घालून तोच थाट करावा. चैत्रात कैरीचे पन्हे सर्वांना वाटणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना नवी वाटू नये.

दारूचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. मजूर वस्तीत काम करणाऱ्याला ते शक्यही नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मरणारे बहुतेक हातावर पोट असणारे होते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा परवाने व वयाची अट यांसह लागू आहे, आणि तो पाळूनच ही चर्चा. मालवणीतला माणूस एकटा, थकलेला, पेल्यात काय आहे हे ठाऊक नसलेला असा प्याला. सांग्रियाच्या घड्यात काय पडले ते सर्वांनी पाहिलेले असते. तो मध्ये ठेवलेला असतो आणि एकच पळी सर्वांना सारखे वाढते.

तात्पर्य एवढेच, की द्राक्ष तोडणाऱ्याला, ऊस कापणाऱ्याला आणि हॉटेलात पेले धुणाऱ्याला आपली मजुरी रोकड आणि वेळेवर मिळावी, आणि मग त्यालाही त्या पंक्तीत बसता यावे. अशा घड्याला आम्ही मेजवानी म्हणू.