उत्तर कोकणातील द्यूत आणि राजाचा वाटा

उत्तर कोकणात बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ठाण्याच्या शिलाहार घराण्यातील पहिला अपरादित्य राज्य करीत होता, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही विख्यात टीका सामान्यतः त्याचीच मानली जाते. त्या स्मृतीत द्यूतसमाह्वय, म्हणजे फाशांचा जुगार व कोंबडे-मेंढे यांच्या झुंजींवरील पैजा, असे स्वतंत्र प्रकरण आहे.

मनूने हे दोन्ही प्रकार राज्यातून निपटून काढण्यास सांगितले; याज्ञवल्क्याने मात्र त्यांना नियमांत बसवले. जुगाराचा अड्डा चालवणाऱ्या ‘सभिका’ने शंभर वा अधिक जिंकणाऱ्याकडून शेकडा 5 व इतरांकडून शेकडा 10 घ्यावेत, ठरलेला वाटा राजाकडे भरावा आणि हरलेल्याकडून रक्कम वसूल करून ती जिंकणाऱ्याला द्यावी, असा दंडक होता, व त्याबदल्यात राजा सभिकाचे रक्षण करी. खोटे फासे टाकणाऱ्यास डागून हद्दपार करावे, असेही त्यात आहे. सारा जुगार एकाच्या देखरेखीखाली ठेवण्याचे जे कारण स्मृतिकार देतो, ते त्याच्या व्यवहारज्ञानाची साक्ष देते: त्यामुळे चोर ओळखता येतात.

रोमन कायद्याची दृष्टी नेमकी उलटी होती. मेंढीच्या घोट्याच्या हाडांचे ‘ताली’ आणि सहा बाजूंचे ‘तेसेरी’ हे फासे तेथे घरोघरी असले, तरी डिसेंबरातील सॅटर्नेलिया उत्सव सोडता पैसे लावून खेळण्यास मनाई होती, आणि अड्डेवाल्याला मारहाण झाली किंवा खेळ चालू असता त्याच्या घरातून काही चोरीस गेले, तर प्रेटर, म्हणजे न्यायदान पाहणारा अधिकारी, त्याची दादच घेत नसे.

सणाची सूट मात्र इकडेही होती. कार्तिक शुद्ध प्रतिपदा, म्हणजे दिवाळीचा पाडवा, ही द्यूतप्रतिपदा होय. त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांत हरवले अशी कथा असून, त्या दिवशीच्या हारजितीवरून वर्षाचे भाकीत केले जाई. वेरूळच्या 14, 21 आणि 29 क्रमांकांच्या लेण्यांत हा खेळ कोरलेला आहे, आणि 21 क्रमांकाच्या लेण्यातील शिल्पात खालच्या भागात नंदीच्या खोड्या काढणारे गण दिसतात. देवादिकांच्या घरातला हा डाव शिल्पकारांनी किती मायेने पाहिला, हे त्या गणांवरून कळते.

मुंबई इलाख्याच्या 1887 च्या जुगारबंदी कायद्याने सभिकाचे संरक्षण पुरते संपवले, कारण त्यात अड्डा चालवणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा कडक शिक्षा ठेवण्यात आली. 1890 मध्ये दुरुस्ती करून पावसावरील पैजाही त्याच कायद्याखाली आणण्यात आल्या.