गुग्गुळाची कसोटी

१९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी एक प्रबंध सादर केला. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन आणि आधुनिक वैद्यकातील धमनीकाठिण्य यांत त्यांना साम्य दिसले होते. सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार देऊन त्यांच्या रक्तातील मेद वाढवण्यात आला. गुग्गुळ दिलेल्या सशांत ही वाढ कमी आढळली. प्राचीन वचन प्रमाण मानून न थांबता त्यांनी ते प्रयोगशाळेत तपासले, हे या कामाचे मोल. पुढे त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळाचा प्रमाणित अर्क विकसित केला. रुग्णांवरील चाचण्यांत कोलेस्टेरॉल घटल्याचे दिसले आणि १९८० च्या दशकात ‘गुगुलिपिड’ला भारतात मान्यता मिळाली.

याच काळात स्टॅटिन औषधे पुढे येत होती. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन मिळवले होते. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यासाठी लागणारे विकर ही औषधे रोखतात. मग यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात शोषून घेते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. केवळ रक्तातील आकडा उतरला नव्हता, माणसे वाचली होती.

गुगुलिपिडपाशी असा पुरावा नव्हता. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ प्रौढांवर त्याची चाचणी झाली. आठ आठवड्यांनंतर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी घटले, तर गुगुलिपिड घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

या निष्कर्षाने सत्यवतींचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. सशांत दिसलेला परिणाम माणसांतही तसाच दिसेल असे गृहीत धरता येत नाही, एवढेच त्यातून कळते. मात्र रुग्णासाठी हा फरक जिवाचा असतो. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही. त्यामुळे निरुपयोगी उपचारात गेलेली वर्षे लक्षातही येत नाहीत.

२०२४ मध्ये भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने मेदविकारांविषयी आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. कमी धोका असलेल्यांचे एलडीएल १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा, मधुमेह वा उच्च रक्तदाबामुळे धोका अधिक असलेल्यांचे ७० पेक्षा आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे ५५ पेक्षा कमी असावे, असे त्यांत म्हटले आहे. आहार व व्यायामाच्या जोडीला त्यांतील मुख्य औषध स्टॅटिन हेच आहे.