कोर्व्यांची कुळकथा

पंधराव्या शतकात इटलीच्या राजदरबारांतील नृत्यगुरू दोमेनिको दा पियाचेन्झा याने, आणि पुढे १५८९ साली फ्रान्समध्ये थ्वानो आर्बो या धर्मोपदेशकाने, पदन्यासांना नावे देऊन त्यांचे क्रम ग्रंथबद्ध केले, ही हकिकत युरोपात अभिमानाने सांगितली जाते. परंतु त्याच जातीचे कार्य तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारी झाले, आणि त्याचा मोठा हिस्सा खुद्द मराठीत झाला, याची दखल आपण पुरेशी घेतली नाही, याचा मला मनस्वी खेद वाटतो.

तुळजाराजांनी (कारकीर्द १७२८ ते १७३६) आपल्या ‘संगीतसारामृत’ या संस्कृत ग्रंथात नट्टुवनारांच्या (नृत्यगुरूंच्या) तालमीतले अडवू, म्हणजे पदन्यासाचे मूळ घटक, त्यांच्या देशी नावांसह आणि बोलांसह नमूद केले. प्राचीन शास्त्रवचने उद्धृत करून मोकळे होणे त्यांना सोपे होते. तालीमखान्यात जे प्रत्यक्ष चालते तेच लिहून ठेवावे, हा त्यांचा विवेक मला राजवैभवाहूनही थोर वाटतो.

सुटे अडवू तालात ओवले की कोर्वै होते. ‘तदिंगिणतोम्’ हा पाच अक्षरांचा तुकडा सलग तीनदा घेऊन शेवटचा ‘तोम्’ नेमका समेवर आणायचा, तर पहिले अक्षर समेच्या चौदा मात्रा आधी उचलावे लागते. हा हिशेब गुडघे वाकवून अर्ध्या बैठकीत असलेल्या नर्तकीच्या तळपायांनी चुकवायचा नसतो.

सरफोजीराजे दुसरे (१७९८ ते १८३२) यांनी या कोर्व्यांना मराठी साहित्य दिले. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या निरूपणांत, म्हणजे नृत्यातून कथा सांगणाऱ्या रचनांत, जयजय, शरणु शरणु, अलारूपासून शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे करीत मंगळापर्यंत अठरा जिन्नस, म्हणजे रचनाप्रकार, येतात, आणि ‘कुमारसंभव निरूपणा’सारख्या रचनेत एकच कथा त्या सर्वांतून अखंड वाहते. त्यांच्याच पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे बंधू होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा आजचा क्रम या बंधूंनी बसवला, त्यात मात्र प्रत्येक रचना स्वतंत्र राहिली.

येथे भोपाळात, महाराणा प्रताप नगराच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांतील ज्या मुली भरतनाट्यम् शिकतात, त्या याच क्रमाने शिकतात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने सरफोजींची निरूपणे छापून प्रसिद्ध केलेली आहेत. त्यांतील एखादे तरी गुरुजनांनी या मुलींकडून बसवून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.