स्वखुशीचे बंधन : संत बहिणाबाई

नियम म्हटला की तरुण मंडळींस तो पायांतील बेडीसारखा वाटतो. आमच्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत माळ आहे, एकादशी आहे, आणि त्यावरून बापलेकांत वादही आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार सतराव्या शतकातील एका स्त्रीच्या चरित्रावरून करावा, असे आम्हांस वाटले.

बहिणाबाई (१६२८–१७००) ही देवगावच्या कुलकर्ण्यांची कन्या. अगदी बालवयात त्यांचे लग्न शिऊरच्या पाठकांशी झाले. पती बिजवर, वयाने पुष्कळ मोठे आणि तापट. भाऊबंदकीमुळे कुटुंबास देशोधडीस लागावे लागले व फिरत फिरत ही मंडळी कोल्हापुरास आली. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग बाईंच्या कानी पडले, आणि पुढे स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्र गणलेल्या पुरुषास गुरू मानावे, हे पतीस कसे रुचावे? त्यांनी बाईंस मारहाण केली. हे सर्व बाईंनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. मराठी स्त्रीचे इतके जुने आत्मचरित्र दुसरे आमच्या पाहण्यात नाही.

संसाराची बंधने बाईंवर इतरांनी घातली होती. नामस्मरणाचा नियम मात्र त्यांनी आपण होऊन, मार खाऊन, धरला. संसार त्यांनी टाकला नाही. पतिव्रताधर्मावरही त्यांचे अभंग आहेत. ते आजच्या वाचकांस खटकतात, आम्हांसही खटकतात. परंतु गुरू कोणता करावा, हा निर्णय त्यांनी कोणाच्या हाती दिला नाही. शेवटी पतीचेच मन पालटले आणि दोघे देहूस गेली. तेथे मंबाजीने त्यांचा छळ केला, तरी नियम सुटला नाही. मुलाच्या गळ्यात बळेच घातलेल्या माळेस आम्ही या नियमाच्या पंक्तीस बसवणार नाही. ती पाठकबुवांच्या काठीचीच बहीण होय.

याच बाईंनी ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाचा आशय मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोणास म्हणावे, देहास की जातीस, असा त्या ग्रंथाचा प्रश्न आहे. आणि ब्रह्म जाणील तो ब्राह्मण, जन्माने कोणी नव्हे, असे त्याचे उत्तर. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना थोडा संकोच वाटतो खरा. परंतु ज्यांनी हे मराठीत आणले त्यांचा जन्मही उच्च गणल्या गेलेल्या ज्ञातीतच झाला होता.

वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे बाईंची समाधी आहे.