चव मुरते ती कायद्यात

स्वस्तातल्या सिंगल माल्ट स्कॉचचा ग्लास नाकाशी नेला, की आधी व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास येतो. तो बार्लीचा नव्हे. बर्बन मुरवून रिकाम्या झालेल्या, आतून जाळलेल्या अमेरिकन ओकच्या पिंपाचा. बर्बन नव्या पिंपातच मुरवायची, असा नियम अमेरिकेने १९३० च्या दशकात केला. एकदा वापरलेली पिंपं तिथे बिनकामाची झाली आणि स्कॉटलंडला स्वस्तात मिळू लागली. व्हिस्की मुरवण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १९१५ च्या कायद्यानेच आली होती. आज तिथली मुदत किमान ३ वर्षांची आहे. म्हणजे ही चव सरकारी नियमांतून घडली. छत्रपती संभाजीनगरचा विचार करताना हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात बिअर आणि मद्यार्काचे एवढे कारखाने उभे राहिले, तरी जिच्यावर मराठवाड्याची मोहोर आहे अशी एकही दारू इथे नाही. तिला वाढू दिलं नाही ते महसुलाने.

निजामाच्या राज्यात इथली दारू मोहाची. वाळवलेली फुलं भिजवून आंबवायची, भट्टीवर चढवायची आणि वाफ थंड करून थेंब थेंब धरायचे. अबकारी हे हैदराबाद संस्थानाच्या तिजोरीचं मोठं उत्पन्न होतं आणि विक्रीचा हक्क गुत्त्याने, म्हणजे बोली लावून मक्त्याने, दिला जाई. ठरावीक मुदतीत बोलीची रक्कम वसूल करायची असेल, तर कुठला गुत्तेदार माल वर्षानुवर्षं मुरत ठेवील? १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे तिथला दारूबंदी कायदाही इथे लागू झाला. बंदी सैल झाली तेव्हा परवाना मिळाला तो साखर कारखान्यांच्या मळीपासून केलेल्या देशी दारूला. तो मद्यार्क इतका शुद्ध करतात, की मूळ पदार्थाचा मागमूस राहत नाही. मग वरून संत्र्याचा स्वाद घालतात. मोहाची दारू हातभट्टी म्हणून गुन्ह्यात जमा झाली.

दारू इथे मुरवायची म्हटली, तर इथल्या उन्हाळ्यात ती पिंपातून उडून जाईल, हा आक्षेप खोटा नाही. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे २ टक्के घट होते, आपल्याकडे तिच्या कितीतरी पट. पण त्याच उष्णतेने लाकडाचा अर्कही लवकर उतरतो. बंगळूरची अमृत ही सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत विक्रीला गेली आणि गोव्याची पॉल जॉन बर्बनच्याच पिंपांत मुरते. पाण्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात १० मेपासून ६० टक्के कपात केली, आणि ते योग्यच झालं. पिण्याच्या पाण्यापुढे बिअर कसली? मात्र पाणी खातो तो उत्पादनाचा आकार. जास्त लिटर म्हणजे जास्त महसूल, हे गणित असेतोवर आकार वाढतच राहणार. थोडी, सावकाश आणि महाग दारू करणाऱ्याला त्या गणितात जागा नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे मोहाचं नाव अजून छाप्यात ओतून दिलेल्या सडव्याच्या, म्हणजे आंबवलेल्या फुलांच्या पाण्याच्या, बातमीतच येतं.