दारातल्या जीपचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं जुनी माणसं म्हणतात. पण दारात उभ्या असलेल्या जुन्या जीपचं मूळ मात्र शोधावं, नाहीतर नुकसान आपलंच होतं.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या गोठ्याशेजारी सासऱ्यांच्या वेळची जीप उभी आहे. भंगारवाला म्हणाला, "किलोवर देऊन टाका." पाहुणे म्हणाले, "अहो, ही लढाईतली विलीज, लाखांनी जाईल." ताईंनी गटात विचारलं, "दोघांतलं खरं कोणाचं?" चला, आज ते गाडीलाच विचारू.

आधी स्टिअरिंग बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे होतं, कारण तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. ताईंच्या जीपचं स्टिअरिंग उजवीकडे आहे. म्हणजे एकतर ती लढाईनंतरची, नाहीतर लढाईतलीच असून नंतर कोणी मेकॅनिकने स्टिअरिंग बदललेलं. नुसत्या स्टिअरिंगवर निकाल देऊ नये.

मग पुढची जाळी मोजा. लढाईतल्या बहुतेक जीपांच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असत. लढाई संपताना, १९४५ मध्ये, विलीजने शेतीकामासाठी आणि सामान्य लोकांसाठी जीप काढली. तिचे दिवे मोठे झाले आणि फटी सात राहिल्या. फोर्डच्या लष्करी जीपची आणखी एक खूण म्हणजे तिच्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी 'एफ' अक्षर कोरलेलं असे.

आता बॉनेट. १९५३ मध्ये विलीजने नवं, जास्त उंचीचं इंजिन बसवलं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. ताईंच्या जीपचं बॉनेट असंच उंच आहे आणि जाळीला फटी सात. इथेच पाहुण्यांची लढाई मागे पडली.

मग ही गाडी आली कुठून? इथे आपल्या मुंबईचा इतिहास येतो. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलीज जीपचे सुटे भाग बोटीने मुंबईला यायचे. माझगावात १९४९ मध्ये ते जोडून पहिली जीप उभी राहिली. पुढे भागही इथेच बनू लागले. उंच बॉनेटची जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे मात्र त्यानंतरही बनत राहिली. आपल्यातल्या कितीतरी जणी वडापच्या जीपमधून बाजाराला, दवाखान्याला गेल्या, त्या गाड्यांचं घराणं हेच.

कुणाच्या दारात जीपसारखीच पण वेगळी गाडी असेल, तर बॉनेटला चुंबक लावून बघा. चिकटला नाही, तर ती इंग्लंडची लँड रोव्हर असू शकते. लढाईनंतर तिकडे पोलादाची टंचाई होती, म्हणून १९४८ पासून तिची बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्र धातूची केली.

सख्यांनो, जाळी, बॉनेट, स्टिअरिंग सगळं बदलता येतं. म्हणून शेवटचा शब्द चेसिस नंबरचा. चिखल खरवडा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. तो आरसी बुकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

ताईंचा नंबर जुळला. कंपनीचं नाव महिंद्राचंच निघालं. पण पुस्तक अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा आधी वारसाची नोंद आणि मगच विक्रीचं बोलणं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अशी गाडी भाड्याने चालवता येत नाही, पण तिला हौशी गिऱ्हाईक असतं. म्हणून जुने भाग काढून फेकू नका.

भंगारवाला परत आला तेव्हा ताई म्हणाल्या, "दादा, वजन नंतर. आधी ही कोण आहे ते ऐका." लाखांची गोष्ट खोटी ठरली, किलोचीही ठरली. आता भाव ठरेल तो ताईंच्या समोर, कागद हातात घेऊन.

तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर तिच्या जाळीच्या फटी मोजून गटाच्या बैठकीत सांगा.